अण्णाजींच्या पाठीवरचा हात

अण्णाजींची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी देवाकडे तक्रार केली नाही, आमच्याकडे केली. एकादशीचं कीर्तन आटोपून उपरण्यानं तोंड पुसता पुसता म्हणाले, "गायाले उभा राह्यतो अन् समोर नुसतं धुकं दिसते बाप्पा. तुमी आले का नाई आले, जागे आहा का झोपले, मले काय मालूम. भिंतीले सांगून राह्यलो असं वाटते."

सावंगीच्या दवाखान्यात त्यांना काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं धरून ठेवायची, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. अण्णाजींनी तेही शांतपणे ऐकून घेतलं. पण कीर्तनकाराला समोर चेहरे लागतात. बुवा बोलतात ते काही पाठ केलेलं नसतं. खालच्या चेहऱ्यांवरून त्यांचं बोलणं वळणं घेत जातं. एखादी बाई डोळ्यांना पदर लावते, तिथं बुवा थांबतात. मागं कोणी जांभई देतो, तिथं बुवा एखादा टोला हाणून सगळ्यांना हसवतात. चेहरेच दिसेनासे झाले तर बुवांनी वळायचं कुठं?

ही गोष्ट मनोहररावांच्या मनाला लागली.

मनोहरराव आर्वीच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. स्थानकावरच्या भोंग्यातून आष्टीची गाडी लागल्याचं सांगणारा आवाज त्यांचाच. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाला काम उरलं नाही, म्हणून ते आमच्या विठ्ठल मंदिरात अण्णाजींच्या मागं टाळ घेऊन उभे राहू लागले. त्यांची मुलगी पिंकी नागपूरला नोकरी करते. तिनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना वडिलांना दिला होता. तो बरेच महिने कपाटात, शोभाबाईंच्या साड्यांच्या घडीत पडून होता.

"त्याले काय सुनेवानी घरात ठेवता," शोभाबाई नवऱ्याला म्हणायच्या. "काहाडा न बाहेर. घेतला कशाले मंग पोरीकडून?"

अण्णाजींची तक्रार ऐकली त्याच आठवड्यात मनोहररावांनी कॅमेरा बाहेर काढला. विचार साधा होता. कीर्तन चालू असताना श्रोत्यांचे फोटो काढायचे, दुसऱ्या दिवशी घरच्या टीव्हीवर मोठे करून लावायचे, आणि अण्णाजींना पडद्याला नाक लावून बसवायचं. तेवढ्या जवळून, तेवढा मोठा चेहरा त्यांना अजून दिसत होता.

पहिल्या वेळचे फोटो पाहून शोभाबाईंनी पदर तोंडाला लावला. अर्ध्या फोटोंत मनोहररावांचं स्वतःचं बोट होतं. उरलेल्यांत सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी पिवळी, आणि हात हलले असतील तिथं हाताऐवजी नुसता धूर.

म्हणून ते प्रफुल्लकडे गेले. प्रफुल्लचा स्टुडिओ बसस्थानकाच्या पलीकडच्या गल्लीत. लग्नाचे फोटो, पासपोर्टचे फोटो, आणि हल्ली मुख्य काम फ्लेक्सचं. वय तिशीच्या आतबाहेर, बोलायला गोड. त्यानं कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"काका, कॅमेरा झकास आहे. तुम्ही त्याला ऑटोवर टाकून झोपवलंय. देवळात उजेड कमी, म्हणून तो डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात माणूस हलतो. हलला की धूर."

"फ्लॅश मारू का मंग?"

"कीर्तनात फ्लॅश माराल तर अण्णाजी टाळ फेकून मारतील."

प्रफुल्लनं त्यांना शिकवलं: बल्बचा उजेड पिवळा येतो तो कॅमेऱ्याला आधीच कसा सांगून ठेवायचा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, कुठवर चढवायचा म्हणजे चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येत नाहीत, कोपर छातीला टेकवून श्वास सोडताना बटण कसं दाबायचं. मनोहरराव घरी जाऊन ते शोभाबाईंवर घोटायचे. भाकरी थापणाऱ्या शोभाबाईंचे तेव्हा शेकड्यानं फोटो निघाले असतील.

पण हलत्या हातांचा धूर काही जाईना. त्याचा उपाय मात्र प्रफुल्लकडून नाही, मृदंगातून मिळाला. रूपराव आमचे मृदंगवादक. गावाबाहेर त्यांची मेथी-वांग्याची वाडी आहे, सकाळी भाजी बाजारात आणि संध्याकाळी हात मृदंगावर. टाळ हातात नसताना, नुसतं ऐकत बसल्यावर मनोहररावांच्या लक्षात आलं की रूपराव समेवर येतात तेव्हा सगळा मेळा क्षणभर स्थिर होतो. टाळ मिटतात, माना खाली येतात, अण्णाजींचा वर गेलेला हात तिथंच थांबतो. त्या थांबण्यावर बटण दाबायचं. पुढच्या एकादशीपासून त्यांचे फोटो स्वच्छ येऊ लागले. प्रफुल्ल ते पाहून म्हणाला, "काका, हे कोणत्याच व्हिडिओत शिकवत नाहीत."

आणि मग मनोहररावांच्या घरी एक रिवाजच पडला. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजी काठी टेकत यायचे, शोभाबाईंच्या हातचा चहा घ्यायचे, आणि टीव्हीपुढं पाट मांडून बसायचे.

"ही कोन? धुरपता का?"

"हो जी. तुमी दळन-कांडनाचं सांगून राह्यले होते तवाची."

"रडून राह्यली का हासून?"

"दोनी."

"बरं झालं. मले वाटलं तिले बोललेलं लागलं. अन् हा कोपऱ्यातला?"

"तो झोपला आहे."

"झोपू दे. दिवसभर हमाली करते बिचारा. देवळात झोप लागते म्हंजे मनात काई नसते."

अशी ती सकाळ जायची. अण्णाजी एकेका चेहऱ्याला हात लावायचे, पडद्यावर बोटांचे ठसे उमटायचे. शोभाबाई नंतर ते पुसायच्या आणि म्हणायच्या, एवढा टीव्ही कोणी पुसला नसेल. एकदा मनोहररावांनी विचारलं, हे फोटो मंदिराच्या ग्रुपवर टाकू का. तेव्हा अण्णाजी पाटावरून त्यांच्याकडे वळले.

"नको मनोहर. देवळात मानूस उघडा असते. रडते, झोपते, तोंड वासून आयकते. त्याले कोनी पाहून राह्यलं हे त्याले ठाऊक नसते. हे चेहरे मले दिसत नाईत म्हनून तू मले दाखवतं. मले दाखव, बाकी कोनाले नको. एवढं एक सांगून ठेवतो तुले."

मनोहररावांनी मान डोलवली, मग अण्णाजींना मान दिसत नाही हे आठवून तोंडानं हो म्हणाले.

आता आमच्या कीर्तनाचा शेवट कसा होतो ते सांगायला हवं. आरतीच्या आधी अण्णाजी गादीवरून खाली उतरतात आणि सगळ्यात आधी रूपरावांना उराउरी भेटतात. मग टाळकऱ्यांना, मग जो जो पुढं येईल त्याला. लहान-मोठा, कोणाचा कोण, हे तिथं नसतं; अण्णाजी प्रत्येकाच्या पायाला हात लावतात, प्रत्येक जण त्यांच्या. रूपरावांच्या डाव्या तळव्याला मृदंगाच्या पुडीला लावलेली ओली कणीक चिकटलेली असते, त्यामुळं त्या भेटीनंतर अण्णाजींच्या पाठीवर कणकेचा पंजा उमटतो. तो पंजा घेऊनच अण्णाजी घरी जातात.

ती भेट मनोहररावांना एकदा नेमकी सापडली. दोघांचे डोळे मिटलेले, अण्णाजींची हनुवटी रूपरावांच्या खांद्यावर, आणि पाठीवर रूपरावांचा तो कणीक लागलेला हात. त्यांच्या आजवरच्या फोटोंतला हा सगळ्यात चांगला, हे त्यांचं त्यांनाच कळलं. पण मागं पंख्याची वायर लोंबत होती आणि कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. अण्णाजींना दाखवण्याआधी तेवढं काढता आलं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"काढू की," प्रफुल्ल म्हणाला. "त्या निमित्तानं एडिटिंगला लागू. कार्ड द्या इकडं."

फोटो शिकायचे तर फोटो लागणारच; त्यात मनोहररावांना वावगं दिसलं नाही. तरी त्यांनी अण्णाजींचं बोलणं प्रफुल्लला सांगितलं. हे बाहेर जायचे नाहीत बरं का, म्हणाले. प्रफुल्लनं छातीला हात लावला. "काका, मला सांगावं लागतं का? अण्णाजी तुमचे तसे माझे." फी सुद्धा घेतली नाही त्यानं. उलट शोभाबाईंच्या हातचा पाटोडीचा रस्सा खायला रविवारी घरी येऊ लागला, आणि शोभाबाई त्याला पोराला वाढावं तसं न विचारता वाढू लागल्या.

दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा शिकवणी चालायची. वायर आणि पिशवी पहिल्याच दिवशी गेली. मग प्रफुल्लनं लेयर दाखवले. "काचेवर काच ठेवल्यासारखं समजा. खालच्या काचेवर देऊळ, वरच्या काचेवर माणूस. माणूस उचलायचा असेल तर त्याच्या कडेकडेनं रेघ ओढत जायची. ठिपका, मग ठिपका, मग वळण. घाई केली की कान कापला जातो."

"कोनावर करू?"

"यांच्यावरच करा. धोतराच्या निऱ्या आहेत, दाढीचे केस आहेत, टाळाचा दोर आहे. हा कापता आला तर काका, तुम्हाला काहीही कापता येईल."

मनोहररावांनी माऊस धरला. बरेच दिवस ते अण्णाजींच्या कडेनं फिरत राहिले. आधी दाढी, मग खांदा, मग उपरण्याची किनार. चष्मा कपाळावर ढकलायचे, पडद्याला नाक लावायचे, आणि ते स्वतःच हसायचे, की मी पण अण्णाजींसारखा बसतो आहे. रूपरावांच्या धोतराशी येऊन दोघं वेगळे होत गेले. फक्त पाठीवरच्या हाताशी मनोहरराव थांबले. रेघ हाताच्या आतून न्यायची तर रूपरावांचा हात अण्णाजींच्या पाठीवरून सुटतो आणि भेट तुटते. त्यांनी रेघ हाताच्या बाहेरून नेली. कणकेचा हात अण्णाजींच्या पाठीवर तसाच राहिला.

प्रफुल्ल मागून पाहत होता. "काका, हात राहिला."

"राहू दे. अण्णाजींच्या भेटीतून मी हात नाई काढत."

"अहो, सराव आहे हा."

"सरावातही नाई."

प्रफुल्ल हसला. "केसन् केस सुटलाय बाकी. माझ्या पोऱ्यांना जमत नाही एवढं." मनोहरराव त्या दिवशी घरी आले ते शीळ घालतच. शोभाबाई म्हणाल्या, "काय जी, परीक्षेत पास झाल्यावानी तोंड करून आले."

मग नगरपालिकेची निवडणूक लागली.

आमच्या वॉर्डातून राकेशभाऊ उभे राहिले. त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस तसा भांडकुदळ नाही, पण देवळात कधी दिसलाही नाही. एका सकाळी मनोहरराव दूध आणायला निघाले, तर बसस्थानकासमोर भला मोठा फ्लेक्स लागलेला. त्यावर राकेशभाऊ डोळे मिटून उभे, आणि त्यांना उराउरी भेटलेले अण्णाजी. अण्णाजींची हनुवटी राकेशभाऊंच्या खांद्यावर. खाली मोठ्या अक्षरांत संतांचा आशीर्वाद असल्याचं लिहिलेलं.

चहाच्या टपरीवर आम्ही बसलेलो होतो. टपरीवाल्या किशोरनं मनोहररावांना हाक मारली.

"काका, तुमी फोटोवाले. एक सांगा, राकेशभाऊले तिसरा हात कोनं देल्ला जी?"

सगळे हसले. मनोहररावांनी वर पाहिलं. राकेशभाऊंचे दोन हात अण्णाजींच्या खांद्यांवर होते, आणि खाली पाठीवर एक तिसरा. राकेशभाऊंच्या शर्टाची बाही निळी. हा हात उघडा, काळासावळा, तळव्याच्या कडेला ओली कणीक.

मनोहरराव फ्लेक्सच्या जवळ गेले. त्यांनी फ्लेक्सवरच्या अण्णाजींच्या दाढीकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं, उपरण्याच्या किनारीकडे. ती सगळी रेघ त्यांची होती. एकेका केसासाठी किती वेळ बसलो ते त्यांच्या बोटांना आठवत होतं. दुधाची पिशवी हातात तशीच घेऊन ते स्टुडिओत गेले.

प्रफुल्ल शटर वर करत होता. मनोहररावांचं तोंड पाहून तो कुलूप हातात धरून उभा राहिला.

"काका, बसा ना."

"तुले मी काय सांगतलं होतं?"

"सांगितलं होतं. पण फोटो बाहेर कुठं गेला, काका? त्या फोटोत रूपराव काका होते, देऊळ होतं. हा तो फोटोच नाही. हा वेगळा फोटो आहे."

"माझ्या हातानं कापलेला आहे तो."

"तेच तर. कापलं तुम्हीच. मी फक्त चिटकवलं." त्यानं हे हळू आवाजात म्हटलं, समजूत काढावी तसं. "राकेशभाऊ म्हणाले, कीर्तनातलं काही तरी दे. सगळ्या निवडणुकीचे फ्लेक्स माझ्याकडं आहेत. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी वर्ध्याहून करून आणले असते. आणि अण्णाजींचं यात वाईट काय दिसतंय? भेटतच तर आहेत."

"ते रूपरावले भेटून राह्यले होते."

"अण्णाजी सगळ्यांना भेटतात. तुम्हीच सांगता ना."

मनोहररावांचं स्थानकावर आयुष्य गेलं, चुकलेल्या गाडीच्या प्रवाशांची बोलणी खाल्ली, पण आपलंच बोलणं असं उलटं करून कोणी हातात दिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तो हात रूपरावचा आहे. सगळं गाव हासून राह्यलं."

प्रफुल्लनं कपाळावर हात मारला. "अरे हो, तो राहिलाच. घाईत बघितलं नाही. थांबा काका, दुरुस्त करतो."

दुसऱ्या दिवशी जुना फ्लेक्स उतरला. मनोहररावांना क्षणभर वाटलं की पोराला लाज वाटली. मग त्याच खांबांवर नवा चढला. तोच फोटो, तोच आशीर्वाद, फक्त तिसरा हात नाही. त्या जागी अण्णाजींचं उपरणं इतकं सफाईनं भरलेलं, की हात कधी होता हे सांगूनही पटू नये. आणि मनोहररावांच्या मोबाईलवर प्रफुल्लचा निरोप: काका, बघा आता कुठं दिसतंय का.

हात होता तोवर गाव हसत होतं. हसत होतं म्हणजे त्याला खोटं दिसत होतं. हात गेल्यावर हसणं थांबलं. बाहेरच्या वस्त्यांतल्या लोकांनी तर पहिला फ्लेक्स पाहिलाच नव्हता. त्यांच्या लेखी अण्णाजी राकेशभाऊंना भेटले, यात शंका घ्यायला जागाच उरली नाही. समोरच्या उमेदवाराची माणसं बाजारात म्हणू लागली, की बुवांनीही आता बाजू धरली, चला बरं झालं, कळलं तरी. आणि आमच्यातलेच काही मनोहररावांकडे पाहून गप्प होऊ लागले. कीर्तनात कॅमेरा त्यांच्याशिवाय कोणाच्याच हातात नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शोभाबाईंनी त्या रविवारी पाटोडी केली नाही. प्रफुल्लही आला नाही. मनोहररावांनी आधी ठरवलं होतं की आला तर दारातून परत पाठवायचं. तो आलाच नाही, तेव्हा ते त्यांना जास्तच लागलं. "एवढं खाल्लं त्यानं माह्या हातचं," शोभाबाई भांडी घासताना म्हणाल्या.

कीर्तनाच्या दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मनोहरराव अण्णाजींच्या घरी गेले. अण्णाजी ओसरीवर बसले होते. रूपराव वांगी द्यायला आले होते, तेही तिथंच टेकलेले. मनोहररावांनी सोबत मूळ फोटो मोठा छापून नेला होता. तो त्यांनी अण्णाजींच्या हातात दिला.

"अण्णाजी, हा खरा आहे. यात रूपराव आहेत. पाहा तुमी, जवळ धरून पाहा."

अण्णाजींनी कागद डोळ्यांशी नेला, उजेडाकडे फिरवला, मग मांडीवर ठेवला. कागदावर तेवढं मोठं नव्हतं. त्यांना पांढऱ्या-काळ्याखेरीज काही दिसलं नाही.

"नाई दिसत रे. पन मले पाहाची गरज नाई. मी कोनाले भेटलो ते माह्या पाठीले मालूम आहे."

रूपराव वातावरण हलकं करायला म्हणाले, "मले कापलं ते बरंच झालं म्हना. मी कुठं फोटोत चांगला दिसतो. राकेशभाऊ गोरे तरी आहेत." कोणी हसलं नाही तसे ते वांग्यांच्या टोपलीकडे पाहत राहिले.

मनोहररावांनी सगळं सांगितलं. शिकवणी, कार्ड, रेघ, हात, प्रफुल्लनं छातीवर ठेवलेला हात, सगळं. सांगताना त्यांचा भोंग्यावरचा भरदार आवाज कुठल्या कुठं गेला. शेवटी म्हणाले, "मी एकादशीले देवळात उभा राह्यतो अन् सगळ्याईले सांगतो. प्रफुल्लचं नाव घेऊन सांगतो. म्हनजे तुमच्यावरचा डाग जाईल."

"देवळात नको," अण्णाजी म्हणाले. "तिथं लोकं देवाचं आयकाले येतात. त्याईले तुहं-माहं काऊन आयकवायचं? ज्याले भरोसा आहे तो येईल. नसन तो नाई येनार."

"तुमाले आहे का भरोसा?"

ओसरीच्या कडेला चिमण्या वांग्यांच्या देठांशी खेळत होत्या, त्या आवाजाकडे अण्णाजींचा कान होता.

"तू हे केलं नाई, हे मले ठाऊक आहे. कोनी येऊन शंभर सांगन, तरी मी ते मानत नाई. तुह्या मनात कपट नाई. तुले फसवलं त्यानं, चांगलं फसवलं, अन् तुह्या हातानंच फसवलं. याचं मले वाईट वाटते." त्यांनी मांडीवरचा फोटो चाचपून मनोहररावांच्या दिशेनं पुढं केला. "पन मी ते चेहरे तुह्याजवळ देल्ले होते. तू ते दुसऱ्याजवळ ठेवून आला. धुरपता असन त्यात, तो हमाल असन. ते अजून त्याच्या मशीनमंधी आहेत न?"

मनोहररावांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सगळं कार्ड प्रफुल्लनं पहिल्याच दिवशी उतरवून घेतलं होतं. रडणारी धुरपता, झोपलेला हमाल, तोंड वासून ऐकणारे आम्ही सगळे, त्या गल्लीतल्या संगणकात बसलेलो होतो, कोणाच्याही फ्लेक्सवर चढायला तयार.

"मी जाऊन पुसाले लावतो."

"लाव. तो पुसलं म्हनन. तू मानशील का?"

मनोहररावांनी अण्णाजींच्या हातातला फोटो घेऊन गुंडाळला.

"म्हनून आता फोटो नको, मनोहर. मले धुकंच बरं."

मनोहरराव स्टुडिओत गेले होते, हे आम्हाला नंतर कळलं. प्रफुल्लनं त्यांच्यासमोर फोल्डर पुसून दाखवला, कचऱ्याची पेटीही रिकामी केली, आणि म्हणाला, "झालं, काका? खूश?" मनोहरराव पायरी उतरेपर्यंत त्याचा फोन वाजला, नवीन फ्लेक्सचं काम होतं, आणि तो आत वळला. त्या फोल्डरची दुसरी प्रत कुठं आहे का, हे विचारायचं त्यांना गल्लीच्या टोकाला आल्यावर सुचलं. ते परत फिरले नाहीत. उत्तर काय येणार हे माहीत होतं, आणि त्या उत्तरावर आता आपला विश्वास बसणार नाही, हेही.

एकादशीला कीर्तनाला मंडळी कमी होती. बायकांची बाजू निम्मी रिकामी. समोरच्या उमेदवाराच्या गल्लीतलं कोणीच नाही. अण्णाजींना ते दिसत नव्हतं, पण टाळ्यांच्या आवाजावरून कळत असावं. त्यांनी आवाज जरासा खाली घेतला, जवळच्या चारजणांशी बोलावं तसा, आणि त्या संध्याकाळी त्यांनी इतकं गोड सांगितलं, की मी डोळे पुसले आणि आजूबाजूला कोणी पाहतंय का ते पाहिलं. देवळात रडताना असं आजूबाजूला पाहायची वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती.

मनोहरराव मागं टाळ घेऊन उभे होते. गळ्यात कॅमेरा नव्हता.

शेवटी अण्णाजी उतरले. रूपरावांना भेटले, नेहमीसारखे, पाठीवर पंजा उमटला. मग टाळकऱ्यांची रांग. अण्णाजी हातानं चाचपत एकेकाला छातीशी धरत होते, वाकून पायाला हात लावत होते, प्रत्येकाची चौकशी करत होते. मनोहररावांची पाळी आली. त्यांनी वाकून अण्णाजींच्या पायावर डोकं ठेवलं आणि जरा जास्त वेळ ठेवलं. अण्णाजींनी त्यांना दोन्ही दंडांना धरून उठवलं. आवाज न ऐकताही दंडांवरून त्यांनी ओळखलं असणार, कारण त्यांनी विचारलं नाही की कोण.

त्यांनी मनोहररावांना उराशी घेतलं, वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि म्हणाले, "या, मनोहरराव. बरे आहा न तुमी? घरी सगळे बरे?"

त्या देवळात मनोहररावांना मनोहर म्हणणारा, अरे-तुरे करणारा एकच माणूस होता.

"हो जी," मनोहरराव म्हणाले. "बरे आहो." आणि मागच्या माणसाला जागा करून द्यायला ते बाजूला सरकले.